बदकाची अंडी: गिऱ्हाईक एकदा येतं, पुन्हा का येत नाही?

प्रश्न: परसात बारा बदकं आहेत, दहा माद्या आणि दोन नर. घरात पुरून उरतील इतकी अंडी मिळू लागली, म्हणून ओळखीपाळखीत विकायला काढली. पहिल्यांदा नवलाईने सगळ्यांनी नेली, दुसऱ्यांदा मोजकेच आले. एकीने सांगितलं की वशेळा वास येतो. दुसरी म्हणाली, ऑम्लेट रबरासारखं झालं. एका गृहस्थांनी तर कवचावरचा चिखल दाखवून नाकच मुरडलं. भाव उतरवू का? अंडी धुऊन देऊ का?

उत्तर: भावाला हात लावू नका. तुमच्या तीन तक्रारखोरांपैकी एकानेही ‘महाग आहे’ असं म्हटलेलं नाही. वास, रबर आणि चिखल यावरचा उतारा स्वस्ताई नव्हे. उलट भाव उतरला की लोकांना वाटतं, मालातच काही खोट असणार.

चिखलापासून सुरू करू, कारण निम्मं काम तिथेच आहे. बदक बहुतेक वेळा पहाटे किंवा सकाळी लवकर अंडं घालतं. तुम्ही उजाडताच खुराड्याचं दार उघडत असाल, तर ती आधी पाण्यात लोळणार, मग ओल्या पायांनी जिथे मन होईल तिथे अंडं टाकणार. मी माझी बदकं सकाळचे आठ-नऊ वाजेपर्यंत सोडत नाही. कलकलाट करतात, करू दे. रात्री खुराड्यात पोहण्याचं पाणी नको. पिण्याचं भांडं ठेवायचं ते अंडी घालण्याच्या कोपऱ्यापासून लांब, दाराजवळ. कोपऱ्यात कोरडा पेंढा चांगला वीतभर जाड हवा आणि वरचा थर रोज बदलायला हवा. अंडी गोळा करताना नजरेवर भरवसा ठेवू नका, पेंढ्यात हात घालून चाचपा. बदकाला अंडं पेंढ्याखाली दडवायची खोड असते. चार दिवसांनी सापडलेलं अंडं गिऱ्हाइकाला द्यायचं नसतं.

एवढं केलंत की बरीचशी अंडी स्वच्छच निघतील. थोडासा डाग असेल तर कोरड्या खरखरीत फडक्याने किंवा बारीक सँडपेपरने हलकेच घासून काढा. कवचावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो. तो कवचाची छिद्रं झाकतो. धुतलं की तो जातो, म्हणून सरसकट धुऊ नका. धुवायलाच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा गरम हवं, हाताला चांगलं ऊन लागेल इतकं. गार पाण्यात अंड्याच्या आतला ऐवज आकसतो आणि कवचावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. भिजत तर कधीच घालू नका. धुतलेलं अंडं लगेच पुसून फ्रिजमध्ये ठेवा आणि घरात आधी संपवा. फारच बरबटलेलं असेल ते विकायच्या ट्रेमध्ये जाताच कामा नये.

आता वास. दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे खाद्य. मासळीचा चुरा किंवा माशांची घाण खाऊ घालत असाल तर ती चव थेट बलकात उतरते. अंडी विकायची आहेत तोवर ते बंद करा. धान्य, कोंडा, हिरवा पाला आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्या. दुसरी गोष्ट तुमचे ते दोन नर. मादीला अंडं घालायला नर लागत नाही, नर लागतो तो पिल्लांसाठी. फळलेलं अंडं ताजं असताना खायला अगदी तसंच असतं. पण उष्ण जागी राहिलं की आत गर्भाची वाढ सुरू होऊ शकते. उन्हाळ्यात ट्रे स्वयंपाकघरात तसाच पडला तर एखाद्या अंड्यात रक्ताची बारीक रेघ दिसणार, आणि ती पाहिलेली बाई पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. नर वेगळे ठेवा. अंडी गोळा केली की थंड जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवा. लसूण, रॉकेल, फिनेल असलं काही शेजारी नको. कवच सच्छिद्र असतं, वास धरतं.

रबराची तक्रार मात्र तुमच्या बदकांची नाही, तव्याची आहे. बदकाच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कोंबडीच्या अंड्यापेक्षा पाणी कमी असतं. मोठ्या आचेवर तो चटकन आवळतो आणि चिवट होतो. बलक मोठा आणि जास्त स्निग्ध असतो, म्हणून केकला ते छान लागतं. नुसता पांढरा फेसायचा तर जरा वेळ लागतो, लिंबाचे दोन थेंब टाकले की बरं पडतं. ऑम्लेट मंद आचेवर, झाकण ठेवून करायला सांगा. पण मंद म्हणजे कच्चं नव्हे. बदकाच्या अंड्यातून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची बाधा होऊ शकते. २०१० साली ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशी माणसं आजारी पडल्याचं उघडकीला आलं होतं. पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवायचं. मेयोनीजमध्ये कच्चं घालायचं नाही. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं घरात असतील तर हे दोनदा सांगा.

तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरलं जातं. मी प्रत्येक खोक्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकते: ‘बदकाची अंडी. गोळा केल्याची तारीख अमुक. थंड जागी ठेवा. मंद आचेवर पूर्ण शिजवा. कोंबडीच्या तीन अंड्यांऐवजी ही दोन पुरतात.’ शेवटच्या ओळीने भावाची कुरबुर आपोआप थांबते. बदकाचं अंडं साधारण ६५ ते ८० ग्रॅम भरतं, कोंबडीचं ५० ते ६०. माणूस नग मोजतो, त्याला वजन दाखवावं लागतं.

खोका भरण्याआधी प्रत्येक अंडं अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून बघा. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा तडा प्रकाशात पांढऱ्या रेघेसारखा उजळतो. रुंद टोकाकडची हवेची पोकळी छोटी असेल तर अंडं ताजं. तडा गेलेलं घरच्या कढईत. लोक पाण्यात बुडवून पाहतात, पण तरंगणं-बुडणं यावरून अंड्याचं वय कळतं, आत जंतू आहेत की नाही ते कळत नाही.

भाव उतरवू नका म्हटलं, तर मग भाव ठरवायचा कसा? एक बदक दिवसाला अंदाजे १६० ग्रॅम खाद्य खातं असं धरा. तुमची बारा बदकं १९२० ग्रॅम खाणार. दहा माद्यांनी दिवसाला सात अंडी दिली तर एका अंड्यामागे सुमारे २७५ ग्रॅम खाद्य पडलं. नर नसते तर ते २३० ग्रॅमवर आलं असतं. म्हणजे त्या दोन रुबाबदार पाहुण्यांचं जेवण तुम्ही प्रत्येक अंड्यावर चढवत आहात. पिल्लं नको असतील तर त्यांचा विचार करा बाई. त्यात पेंढा, खोके, फुटलेली अंडी आणि तुमची मजुरी मिळवा. मजुरी विसरायची नाही, आपल्याकडे घरच्या बाईचे हात फुकट धरायची फार सवय असते. आणि हिशेब वर्षाचा करा, भरभराटीच्या महिन्याचा नको. पिसं झडू लागली की अंडी जवळजवळ बंद होतात, खाणं मात्र चालूच राहतं. दिवस लहान झाले तरीही तेच.

म्हणूनच माझा आग्रह रतीबाचा आहे. येईल त्याला विकण्यापेक्षा आठ-दहा घरं धरा, ठरलेला वार, ठरलेला खोका. अंडी कमी झाली की आठवडाभर आधी सांगा आणि सगळ्यांना थोडी थोडी द्या. बाहेरून आणून ट्रे पुरा करू नका. त्या अंड्यांना काय खाऊ घातलं, औषध कधी दिलं, तुम्हाला ठाऊक नसतं. तुमच्याच बदकाला जंताचं किंवा दुसरं औषध दिलंत तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत अंडी विकायची नाहीत. घरोघरच्या रतीबाच्या पुढे जाऊन दुकानात माल ठेवायचा विचार असेल, तर खाद्यविक्रीच्या नोंदणीचे आपल्याकडचे नियम आधी विचारून घ्या.

प्रश्न: एक गिऱ्हाईक विचारतं, मुलाला कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे, बदकाचं चालेल ना? मी काय सांगू?

उत्तर: ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच, आणि तोवर खोका देऊ नका. दोन्ही अंड्यांतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. काहींना चालतं, हे खरं. पण त्या मुलाला चालेल की नाही, हे तुम्ही दारात उभं राहून ठरवायचं नाही. दमा, अशक्तपणा यांवर औषध म्हणूनही विकू नका, विक्री वाढत असली तरी.

प्रश्न: काही अंडी हिरवट, काही करडी निघतात. लोक खराब समजून परत करतात.

उत्तर: खराब नाहीत. इंडियन रनरसारख्या जातीच्या काही माद्या हिरवट-निळसर अंडी घालतात. कायुगा जातीची तर हंगामातली पहिली अंडी काळपट असतात आणि पुढे फिकी होत जातात. तो काळा थर वरचाच असतो, ओल्या फडक्याने पुसलं तरी थोडा निघतो. नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या खोक्यात रंगीत अंडी घालू नका. दुसऱ्या खेपेला एक पांढरं आणि एक हिरवट त्यांच्यासमोर वाटीत फोडा. आत दोन्ही सारखीच दिसतात.