फुलबॅकमधला 'फुल' नेमका कसला?

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये नुकताच राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर, खेळायला लागलाय, कोच त्याला फुलबॅक म्हणतात आणि मॅचभर 'वर जा, वर जा' ओरडतात, तर फुलबॅक म्हणजे जर पूर्ण मागचा, मग तो वर कशाला जायचा? आणि मराठीत 'पूर्णरक्षक' म्हटलं तर चालेल का?

पूर्णरक्षक नको, हे आधीच सांगतो. त्यातल्या 'फुल'चा रक्षणाशी काही संबंध नाही, तो अंतराचा शब्द आहे. रग्बीत बघा, स्क्रम-हाफ, फ्लाय-हाफ, मग थ्री-क्वार्टर आणि सगळ्यात शेवटी एकटा उभा असतो तो फुलबॅक, म्हणजे अर्धा मागे, पाऊण मागे, पूर्ण मागे अशी सरळ मोजणी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर क्वार्टरबॅक, हाफबॅक आणि फुलबॅक हे तिघेही आक्रमणाच्या बाजूचे, तिथंही पाव-अर्धा-पूर्ण हे पुढच्या ओळीपासून किती मागे एवढंच सांगायचं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हा शब्द हॉकीमुळेही माहीत असतो, १९७५चा वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममधले सुरजित सिंग आणि मायकल किंडो फुलबॅकच होते.

फुटबॉलमध्येही सुरुवातीला नाव आणि जागा अगदी जुळत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी २-३-५ ही रचना रुळली, गोलकीपरच्या पुढं दोन फुलबॅक, त्यांच्या पुढं तीन हाफबॅक आणि मग पाच फॉरवर्ड. हे दोन फुलबॅक कडेला नव्हते हो, आतच असायचे, आणि पुढं जायचा प्रश्नच नव्हता. ऑफसाइडचा नियमही त्यांच्या सोयीचा, फॉरवर्डच्या पुढं समोरच्या टीमचे तीन खेळाडू असायला लागायचे, नाहीतर त्याला पास दिलेला चालायचा नाही, त्यामुळं एक फुलबॅक चार पावलं पुढं सरकला की समोरचा ऑफसाइड आणि चुकलाच तर मागं दुसरा आहेच. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचा फुलबॅक बिल मॅक्रॅकन यात इतका पटाईत की नियम बदलण्याच्या चर्चेत त्याचं नाव हमखास येतं.

१९२५मध्ये तीनाचे दोन केले आणि गोल धडाधड व्हायला लागले. मग लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये मॅनेजर हर्बर्ट चॅपमनच्या टीमनं मधल्या हाफबॅकला, म्हणजे सेंटर हाफला, मागं ओढून दोन फुलबॅकच्या मध्ये उभं केलं आणि फुलबॅकना विंगरवर, म्हणजे कडेनं हल्ला करणाऱ्या फॉरवर्डवर, सोडलं. माझ्या मते सगळा गोंधळ इथं सुरू होतो, कारण जागा बदलल्या आणि नावं तशीच राहिली. इंग्लिश कॉमेंटेटर अजून मधल्या डिफेंडरला सेंटर हाफ म्हणतात, म्हणजे 'अर्धा' मागं आणि 'पूर्ण' त्याच्या पुढं, आणि शब्दाकडं बघून कोणाला हे कळणार? नंबरांचंही तसंच, २ आणि ३ हे जुन्या फुलबॅकचे नंबर म्हणून इंग्लंडमध्ये राइट बॅक २ आणि लेफ्ट बॅक ३, पण ब्राझीलमध्ये लेफ्ट बॅक ६, म्हणून रॉबर्टो कार्लोसच्या पाठीवर ६ दिसायचा. मुलांना नंबरावरून जागा शिकवू नका ती त्यामुळंच.

आता वर का जायचं. चार डिफेंडर आले तेव्हा मध्ये दोघं झाले, त्यामुळं कडेच्या दोघांना मोकळीक मिळाली, आणि ब्राझीलनं १९५८च्या वर्ल्ड कपमध्ये हे जगाला दाखवलं, लेफ्ट बॅक निल्टन सांतोसनं ऑस्ट्रियाविरुद्ध पुढं जाऊन चक्क गोल केला. पण मला विचाराल तर फुलबॅक समजून घ्यायला एकच गोल पुरे, १९७०च्या फायनलमधला ब्राझीलचा चौथा. सगळे कार्लोस अल्बर्टोचा शॉट बघतात, तुम्ही इटलीचा लेफ्ट बॅक फाकेत्ती बघा. त्याच्याकडं ब्राझीलचा राइट विंगर जैरझिन्यो सोपवलेला होता, आणि जैरझिन्यो आपली बाजू सोडून पार दुसऱ्या बाजूला आला तेव्हा फाकेत्तीही त्याच्या मागोमाग गेला, झालं, इटलीची डावी बाजू उघडी पडली. जैरझिन्योनं बॉल पेलेला दिला, पेलेनं न बघितल्यासारखा हळूच उजवीकडं सोडला आणि मागून राइट बॅक कार्लोस अल्बर्टो धावत आला तो त्याच रिकाम्या जागेत. एक फुलबॅक माणसाच्या मागं गेला आणि दुसरा जागेत आला. ही क्लिप मुलाला दोनदा दाखवा, पहिल्यांदा बॉल बघायचा आणि दुसऱ्यांदा फक्त फाकेत्ती.

म्हणजे आजच्या फुलबॅकचं काम असं की टीमकडं बॉल असताना मैदान रुंद करायचं, विंगर आत वळला की त्याच्या बाहेरून धावायचं, याला ओव्हरलॅप म्हणतात, आणि बॉल गेला की जीव तोडून परत यायचं. विंगर अंगावर आला की समोरासमोर सरळ उभं राहायचं नाही, थोडं तिरकं राहून त्याला लाइनीकडं ढकलायचं. आणि बॉल पलीकडच्या बाजूला असेल तेव्हा आत सरकून लांबच्या पोस्टपाशी यायचं, हे काम टीव्हीवर दिसतच नाही, त्यासाठी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन बसावं आणि बॉल ज्या बाजूला नाही त्या बाजूचा बॅक पाच मिनिटं बघत राहावं. आपल्या गोव्याच्या राइट बॅक सेरिटन फर्नांडिसचा खेळ असाच बघण्यासारखा. मंदार राव देसाई तर मुळातला विंगर, एफसी गोवात तो लेफ्ट बॅक झाला, आणि विंगरला मागं आणून बॅक करता येतं यावरूनच कळतं की या जागेला आता पाय आणि फुप्फुसं दोन्ही लागतात. हल्ली काही कोच फुलबॅकला बाहेर न पाठवता आत मिडफील्डमध्ये घेतात, जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबमध्ये कोच ग्वार्डिओलानं फिलिप लामला तसं खेळवलं, पण शाळेच्या टीमला ते एवढ्यात नको.

विंगबॅक आणि फुलबॅक एकच का असंही खूप जण विचारतात. नाही, मध्ये तीन सेंटर बॅक असले की कडेचा तो विंगबॅक, त्याच्या मागं आधार जास्त म्हणून तो आणखी वर राहतो.

मराठीत काय म्हणायचं? बचावपटू, मधली फळी, गोलरक्षक हे आपल्या पेपरांत छान रुळलेत, पण बचावपटू म्हटलं की चौघंही आले, कडेचा कोण ते कळत नाही. पोर्तुगीजमध्ये त्याला लातेराल म्हणतात, म्हणजे कडेचा, आणि हे नाव आजच्या कामाला जास्त शोभतं. म्हणून लिहिताना मी पहिल्यांदा 'उजव्या कडेचा बचावपटू' लिहितो आणि पुढं सरळ राइट बॅक, कारण म्हापशापासून काणकोणपर्यंत मैदानावर पोरं तेच बोलतात. फुलबॅक हा शब्दही राहू दे, फक्त त्याचं भाषांतर करू नये.

आणि ताई, कोचना एक विचारून घ्या, मुलगा वर गेला की मागची जागा कोण भरतो, मिडफील्डर की सेंटर बॅक? हे ठरलेलं नसेल तर गोल त्याच बाजूनं बसणार आणि बोल मुलाला लागणार.