मेथड क्लासची, पण चालते ऑब्जेक्टवर

भावा, तुझ्या पायथन प्रोग्रामात टाइपएरर का येतो विचारलंस. तुझा बस क्लास नीट आहे, गडबड त्यातली चढव(सेल्फ, माणसं) ही मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, कॉल करताना झालीय. तू बस.चढव(5) लिहिलंस. बस हा क्लास, म्हणजे गाडीचा नुसता साचा. पाच माणसं चढणार कुठल्या गाडीत? बेळगाव स्टँडवर खानापूरची वेगळी, निपाणीची वेगळी. आधी ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातली एक गाडी, बनव: खानापूर = बस(). मग खानापूर.चढव(5).

आता पायथन डॉटच्या डावीकडचा ऑब्जेक्ट आपणहून सेल्फमध्ये, म्हणजे मेथडच्या पहिल्या जागी, पाठवतो आणि सेल्फ.प्रवासी फक्त त्याच गाडीचे वाढतात. निपाणी.प्रवासी जिथल्या तिथे. तुझ्या ओळीत मात्र 5 हेच सेल्फच्या जागी जाऊन बसलं, म्हणून टाइपएरर ओरडतोय की 'माणसं' हे आर्ग्युमेंट, म्हणजे कंसात द्यायची किंमत, मिळालं नाही. दिलेलं असताना मिळालं नाही म्हणतो, इथेच नवी पोरं गोंधळतात. एरर आला की आधी डॉटच्या डावीकडे बघ.

कंस विसरू नकोस. शिल्लक हीसुद्धा मेथडच; नुसतं खानापूर.शिल्लक प्रिंट केलंस तर आकडा येत नाही, 'बाउंड मेथड' असं काहीतरी छापून येतं. मेथड चाललेलीच नसते.

पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, आकडे मात्र इंग्रजीच टाइप कर. आणि प्रवाशांच्या नावांची लिस्ट ठेवणार असशील तर ती इनिटमध्ये (__init__, ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड) सेल्फवर बनव. क्लासमध्ये वरच लिहिलीस तर दोन्ही गाड्यांची एकच यादी होईल.