प्लास्टिकच्या बोटाला कातडी नसते

"ताई, हे सर्टिफिकेट खरं का खोटं, तेवढं सांगा."

लॅमिनेशन केलेला कागद तिनं टेबलावर ठेवला आणि हात पदराखाली घेतले. सेलूजवळच्या खेड्यातली, दहावी पास, दोन लेकरांची आई. नवरा जिनिंगवर, काम हंगामापुरतं. मोबाइलवर जाहिरात पाहून तिनं बचत गटातून पंधरा हजार उचलले आणि ब्युटी व नेल आर्टचा 'घरबसल्या डिप्लोमा' केला. थोडे व्हिडिओ, वीस प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा आणि कुरियरनं आलेला डबा: जेल पॉलिश, ते कडक करायला छोटा लॅम्प, सरावाला प्लास्टिकची बोटं. परभणीत एका पार्लरमध्ये काम मागायला गेली, तर मालकिणीनं कागद न वाचताच परत केला. "गटाचा हप्ता सुरूच हाय, ताई. सासूबाई म्हणतात, पैसे चुलीत घातले."

घरून केलेला कोर्स चालतो का, हे विचारणाऱ्या मुली माझ्याकडे सारख्या येतात. बहुतेकींना बाहेर पाठवायला घर तयार नसतं, म्हणून त्यांनी हा रस्ता धरलेला असतो. अशा मुलीला 'फसलीस' म्हणणं मला जमत नाही. मी माझा हात पुढे केला. "एका नखाला लावून दाखव."

डबा पिशवीतच होता. हात स्थिर होता तिचा. टाचणीच्या टोकानं एवढं नाजूक फूल काढलं की मी बघतच राहिले. पण त्याआधी नखं घासायची फाईल करवतीसारखी पुढं-मागं चालवली होती, आणि जेल नखाच्या कडेनं कातडीवर उतरलं होतं. ते न पुसता तिनं बोट लॅम्पखाली धरलं.

"कडेचं पुसायचं नाही का गं?"

"त्या बोटांना कडा नसतेच ना ताई..." एवढं बोलून ती गप्प झाली. कागदाच्या खरेखोटेपणाचं उत्तर तिचं तिलाच मिळालं होतं.

मग हळूच म्हणाली, जावेच्या बोटांना महिनाभर खाज सुटलीय, कातडी फाटलीय. जावेच्या नखांवर तिनं तीनदा सराव केला होता. दोनदा मधेच लाइट गेली. जेल वरून कडक झालं की आपण समजतो वाळलं, पण लॅम्पचा उजेड पुरेसा मिळाला नाही, किंवा लॅम्प त्या जेलला जुळणारा नसला, तर आतलं कच्चंच राहतं. असं कच्चं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्येही असतात, म्हणजे पुढे दाताच्या दवाखान्यातही त्रास. हे सांगताना मला राग आवरला नाही. तिच्यावरचा नव्हे, लोडशेडिंगच्या गावात लॅम्प पाठवणाऱ्या आणि कातडीबद्दल अवाक्षर न शिकवणाऱ्यांवरचा. जावेला त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

कागदही वाचला. त्यावर आयएसओचा शिक्का होता. तो संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतो, कोर्सला मान्यता नव्हे. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा नंबर होता. ती कोणताही व्यावसायिक आधारवर, स्वतः माहिती भरून, फुकट करतो. 'आंतरराष्ट्रीय' शब्द सोनेरी अक्षरांत होता, देशाचं नाव कुठेच नव्हतं. सरकारमान्य कौशल्य प्रमाणपत्रावर परीक्षा घेऊन ते देणाऱ्या मान्य संस्थेचं नाव आणि एनएसक्यूएफची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातली पातळी लिहिलेली असते. इथं दोन्ही नव्हतं.

पण पार्लर काढायला आपल्याकडे प्रमाणपत्राची सक्ती नाही, हेही तिला सांगितलं. कामगार मोजकेच असतील, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. प्रमाणपत्र लागतं ते मोठ्या सलूनमध्ये किंवा परदेशात नोकरीला, कधी कर्जाच्या फाईलला. गावातली बाई तुझा हात बघते.

घरून शिकण्याला माझा विरोध नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत पुस्तक घरी वाचता येतं, पण प्रात्यक्षिक मान्य केंद्रावर करावं लागतं आणि परीक्षा तिथं हातांचीही होते. म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारायचं: माझं काम जिवंत माणसावर कोण बघणार, आणि कुठे? उत्तर टाळलं, तर फोन ठेवून द्यायचा.

दुसऱ्या भेटीला सासूबाईंना घेऊन ये म्हटलं. आल्या. आयटीआयच्या वर्षभराच्या कॉस्मेटॉलॉजी ट्रेडला त्यांनी सरळ 'नाही' म्हटलं. आरसेटी, म्हणजे बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, तिथं पार्लरचं शिक्षण, राहणं, जेवण मोफत असतं हे ऐकून मात्र पुढं सरकल्या. "रात्री दाराला कडी कोण लावतंय?" त्यांनी विचारलं. मला तो प्रश्न रास्त वाटला. परभणीला फोन लावून तिथल्या बाईंशीच त्यांना बोलायला दिलं. दहा मिनिटं बोलल्या. फोन ठेवून सुनेला म्हणाल्या, "लेकरं मी बघते. पण सोयाबीन निघाल्यावर जा."

तोवर सेलूतल्या एका पार्लरवालीकडे ती आठवड्यातून तीन दुपारी जाऊ लागली. आधी नुसती झाडलोट आणि बघणं, मग आयब्रोचा दोरा. सराव स्वतःच्या पायाच्या केसांवर. नेल एक्स्टेन्शनला, म्हणजे नकली लांब नखांना, आपल्या तालुक्यात गिऱ्हाईक किती, हे तिला तिथंच कळलं: अख्ख्या महिन्यात एक नवरी. आयब्रो, वॅक्सिंग, लग्नसराईतला मेकअप, चालतं ते एवढंच. फीच्या पैशांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. कंपनीचं लांबलचक उत्तर आलं, पैसे आले नाहीत.

आरसेटीची बॅच तिनं दिवाळीनंतर पूर्ण केली. परवा फोन आला. गावातल्या एका नवरीच्या आईला केसांचा रंग आजच्या आज हवा होता. ॲलर्जी होते का बघायला हिनं कानामागे रंगाचा थेंब लावून तिला घरी पाठवलं, ४८ तासांनी या म्हणाली. बाई चिडून गेली.

"आली का परत?"

"आली ना. आणि बहिणीलाही घेऊन आली."

जावेची बोटं भरून आलीत, पण जेल तिला पुन्हा कधीच लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तो डबा माळ्यावर आहे.