“कुठवर आलीस?”

“मॅडम, मूल गाडी घेऊन बाहेर पडलं की परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.” शब्द इकडचे तिकडे होतात, पण समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. कुणाचा मुलगा शनिवारी रात्री बाईकवर साताऱ्याला निघतो, कुणाचे यजमान समृद्धीवरून नागपूर करून येतात, कुणाची सून दिवस गेलेले असताना स्कूटरवर ऑफिसला जाते. घरचे समजूत घालतात, “नको ते विचार करू नकोस, काही होत नाही.” मी हे कधीच म्हणत नाही. ते खरं नाही आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, म्हणजे तासाला 19. जखमी झाली 4,43,366. 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे मृतांचा आकडा 1.4 लाखांच्या खाली उतरला होता. रस्ते पुन्हा वाहू लागले तसा तो चढत गेला आणि 2023 मध्ये 1.72 लाखांच्या पुढे पोहोचला. एकट्या महाराष्ट्रात वर्षाला 15 हजारांहून जास्त. तेव्हा रस्त्याची भीती वाटणाऱ्याच्या डोक्यात बिघाड वगैरे काही नाही. ती भीती त्याच्याकडून काय करून घेते, एवढंच मला पाहायचं असतं.

दत्ताकाकांचं उदाहरण म्हणून सांगते (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). एसटीचे निवृत्त चालक. सगळी नोकरी घाटांत गेली, विनाअपघात सेवेबद्दल डेपोत सत्कारही झालेला. त्यांना काकूंनी जवळजवळ ओढतच आणलं होतं. “यांना गोळी द्या, नाहीतर मला तरी द्या,” ही काकूंची पहिली मागणी.

मुलगी स्नेहा पुण्यात बाणेरला नोकरीला, घर आंबेगावला. म्हणजे रोजचा हायवेचा बायपास आणि रोजचा, अपघातांसाठी बदनाम असलेला नवले पूल. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्यांना उडवलं, तेव्हापासून काकांनी धसका घेतला. सेकंड शिफ्ट सुटली की काका गॅलरीत उभे आणि फोन सुरू. निघालीस का, वारजं आलं का, कुठवर आलीस.

“उतार आहे तो, मॅडम,” काका मला समजावत होते. “कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की गाडी आपोआप पळते. डिझेल वाचवायला ड्रायव्हर इंजिन बंद करून न्यूट्रलला सोडतो. इंजिन बंद म्हटल्यावर ब्रेकला लागणारी हवा बनत नाही. सारखा ब्रेक दाबत राहिलं की टाकी रिकामी. मग पाठीमागून चाळीस टन येतंय तिथं पोरीचं हेल्मेट काय करणार?”

या विषयात ते माझे गुरू होते. मी ऐकून घेतलं. माहिती कमी म्हणून माणूस घाबरतो असं आपण धरून चालतो. काकांना माहिती माझ्यापेक्षा जास्त होती, भीतीही जास्त होती.

पुढे एकदा मी सहज विचारलं, “काका घाटात रात्रीची ड्युटी करायचे तेव्हा काकू काय करायच्या?”

“झोपायचे की!” काकू म्हणाल्या.

“तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात होतं,” काका जरा घुश्श्यातच बोलले.

“समोरून येणाऱ्या ट्रकचं?”

थोडा वेळ गेला. “ते त्याच्या हातात.”

“म्हणजे इतकी वर्षं रोज शेकडो अनोळखी ड्रायव्हरांनीसुद्धा तुम्हाला घरी पोहोचवलंय.”

काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची परंपरा मानते. माझ्या अनुभवात अशा घरांत दुखणं एकच असतं. मुलगी सुखरूप यावी ही इच्छा कुणाची नसते? पण त्या इच्छेची नकळत मागणी होते: आत्ता, या क्षणी मला हमी हवी. रस्ता हमी देत नाही. काकांच्या नोकरीतही त्याने ती दिली नव्हती, काकांनी मागितली नव्हती एवढंच. ती मिळत नाही म्हणून माणूस फोन करतो, आणि फोन उचलला गेला की पाच मिनिटांपुरती मिळाल्यासारखी वाटते.

खरी गाठ सुटली ती स्नेहा सोबत आली तेव्हा. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं. हे बहुतेक घरांत आधी करायला हवं, पण आईबाप मुलांना “तिला कशाला त्रास” म्हणून बाहेरच ठेवतात.

“काका, ड्युटीवर घरचा फोन आला तर?”

“उचलायचा नाही! मागं पन्नास माणसं बसलेली असतात. एखाद्याने व्हिडिओ काढला की सस्पेंड.”

“आणि स्नेहा उचलते?”

स्नेहाने आधी बापाकडे पाहिलं. “उचलावाच लागतो. नाही उचलला तर पप्पा परत करतात, मग आईच्या नंबरवरून, मग माझ्या मैत्रिणीला. म्हणून मी मोबाइल हेल्मेटमध्ये खोचून बोलते.”

“आत बसतो?” काकांनी विचारलं.

“पट्टा सैल सोडला की बसतो.”

हेल्मेट तिच्या मांडीवरच होतं. काकांनी ते उचललं, पट्ट्याची क्लिप लावली, काढली, परत लावली. मग आत गालाजवळच्या गादीवर अंगठा फिरवला. मोबाइलच्या कडेने ती तिथे दबून खोलगट झाली होती. बराच वेळ ते त्या गादीकडेच बघत होते. काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

“पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीला निघून जातं,” काका शेवटी म्हणाले. “हे मी दुसऱ्यांच्या पोरांना सांगत आलोय.”

इथून पुढचं काम सोपं होतं. काकांची काळजी मला कमी करायची नव्हती, तिला कामाला लावायचं होतं. नवले पुलाचा उतार, अवजड गाड्यांचे ब्रेक यातलं काकांच्या हातात काही नाही. पण 2022 मध्ये हेल्मेट न घातल्यामुळे 50,029 जण गेले, त्यांत मागे बसलेले 14 हजारांवर होते. एकूण मृत्यूंत दुचाकीवरचे सुमारे 44 टक्के. दहांतले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर. आपण शिव्या घालतो खड्ड्यांना, आणि घालाव्यातच, पण त्यांच्या नावावर त्या वर्षी दोन हजारांपेक्षा कमी मृत्यू आहेत. दोन तृतीयांश अपघात तर सरळ रस्त्यावर झाले. हे ऐकून काका लगेच म्हणाले, “घाटात माणूस जागा असतो हो.”

दुसऱ्या बाजूनेही आकडा पाहायला लावला. 140 कोटींच्या देशात 1.68 लाख म्हणजे वर्षाला लाखामागे साधारण 12. कुणाचंही मूल या बारांत असू शकतं, पण आज रात्री उशीर झाला म्हणजे ते त्यात आहेच असं नाही. काकांचं मन दर रात्री थेट शेवटच्या निकालावर उडी मारत होतं.

घरात ठरलं ते काकांच्याच भाषेत. कंडक्टरच्या दोन बेल म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. स्नेहा पार्किंगमधून निघण्याआधी मेसेज टाकणार, “डबल बेल”. घरी लिफ्टपाशी आली की “सिंगल बेल”. मधल्या वेळात फोन डिकीत. ठरलेल्या वेळेवर अर्धा तास गेला तर काकांनी एकच फोन करायचा. त्यानंतरही पत्ता नसेल तर ऑफिसातल्या सहकाऱ्याला, आणि गरज पडली तर 112 ला. हेल्मेट आयएसआय मार्कचं, नवीन, आणि दुकानात पट्टा लावून पाहण्याचं काम काकांचं.

तुमच्या घरीही असंच असेल तर सुरुवात फोनपासून करा. चालत्या गाडीवरच्या माणसाला फोन करायचा नाही, केलाच तर “गाडी चालवतोयस का?” एवढं विचारून ठेवून द्यायचा. “लवकर ये” म्हणू नका. घरून निघालेली घाई गाडीच्या काट्यावर दिसते. मुलाला हेल्मेटचा उपदेश करताना स्वतःचं आरशाला अडकवलेलं नाही ना, तेवढं बघा. चारचाकीत मागच्या सीटवर बसलात तरी बेल्ट लावा, कायद्याने तोही सक्तीचा आहे. आणि घालमेल होईल ती होऊ द्या. पहिले काही दिवस ती वाढते, मग मंदावते. काकांनी सुरुवातीला गॅलरी सोडली नव्हती, फक्त मोबाइल काकूंकडे दिला होता.

काका आता झोपतात का? सिंगल बेल आल्यावर, हो. तक्रार आता स्नेहाची आहे. पप्पा सोसायटीतल्या प्रत्येक पोराच्या टायरची हवा आणि हेल्मेटचा पट्टा तपासत फिरतात, मैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणते. ती मी ऐकून घेतली, उपाय काही सुचवला नाही.

ज्यांनी अपघात स्वतः भोगला किंवा डोळ्यांसमोर पाहिला आहे, त्यांना मात्र हे एवढं पुरत नाही. महिना उलटूनही तेच दृश्य पुन्हा दिसत असेल, हॉर्नच्या आवाजाने अंग थरथरत असेल, तो रस्ताच टाळला जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. काहींना मदतीला न थांबल्याची टोचणी असते, आणि न थांबण्याचं कारण बहुधा पोलिसांची भीती हेच असतं. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवून नाव न सांगता निघून जाता येतं, त्याला कुणी अडवून ठेवू शकत नाही.