डोक्याला चुंबक लावून मेंदूच्या पेशींवर खरंच परिणाम होतो का? झालाच तर टिकतो का?

होतो. प्रश्नाखाली तुम्ही 'की चुंबकाच्या उशीसारखंच हे थोतांड?' असं जोडलंय, त्या ओळीमुळे लिहायला बसले. आमचे भाऊजी हेच उलट्या बाजूने म्हणतात: उशी आणि टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूच्या पेशी चेतवायचा उपचार) एकच, मग उशी काय वाईट?

डिप्रेशनच्या गोळ्या दोनदा बदलूनही फरक पडेना, तेव्हा मला टीएमएस सुचवलं. पहिल्या दिवशी आधी नुसतं मोजमाप. डोक्याला घट्ट टोपी, कानात बोळे, डाव्या बाजूला आठच्या आकड्यासारखी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. टक्. काही नाही. तंत्रज्ञ बाईंनी कॉइल बोटभर सरकवली. टक्. काही नाही. मग जराशी तिरकी केली, टक्, आणि मांडीवर निवांत पडलेला माझा उजवा अंगठा टुणकन उडाला. मला न विचारता! हसूच आलं, कितीतरी महिन्यांनी. मग दहा टिचक्यांत पाचदाच अंगठा हलेल इथपर्यंत त्यांनी जोर उतरवत आणला. तो माझा उंबरठा, डोस त्यावरून ठरतो. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हेच पहिल्यांदा करून दाखवलं होतं: कवटीबाहेरून टिचकी, आणि हाताचे स्नायू हलले.

आता उशीचं. कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एका मिलिसेकंदाच्या आत दीड-दोन टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चढून उतरतं. बदलत्या क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ सालीच दाखवलंय. कवटी त्या क्षेत्राला अडवत नाही. आत उमटलेली वीज चेतापेशींच्या लांब तंतूंना, त्यातही जिथे ते वळतात तिथे, चेतवते. तिथून संदेश पुढच्या पेशींकडे जातो. पोहोच मात्र दोन-तीन सेंटीमीटर. उशीतलं चुंबक बिचारं नुसतं पडून असतं. क्षेत्र बदलत नाही, मग वीज कुठली? हे सांगितलं तर भाऊजी म्हणतात, "अगं, पण मी कूस बदलतो ना!" मिलिसेकंदात बदलत असाल तर बोलू, म्हटलं.

टिकण्याबद्दल: एका बैठकीचा परिणाम साधारण अर्धा-एक तास. सेकंदाला एक किंवा त्याहून कमी ठोके दिले तर पेशी सहसा थंडावतात, पाच किंवा जास्त दिले तर चेकाळतात. रोज तेच केलं की पेशींमधले जोड घट्ट किंवा सैल होत जातात, असं मानतात. मला सेकंदाला दहा ठोके, चार सेकंद. मग सव्वीस सेकंद विश्रांती. असं साडेसदतीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. कपाळावर सुतारपक्षी बसल्यासारखं वाटतं. चौथ्या आठवड्यात सकाळी उठावंसं वाटायला लागलं. मला दीड वर्ष पुरलं, मग पुन्हा थोड्या बैठका घ्याव्या लागल्या. म्हणजे कायमचं म्हणाल तर, माझ्या बाबतीत नाही.

आणि हो, हा 'शॉक' नव्हे. भूल नसते, बैठक संपली की मी चालत घरी जायचे. डोकं मात्र पहिला आठवडा ठणकलं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. तेच ठोके एखाद्याच्या पेशींवर उलटाही परिणाम करतात. डोक्यात धातू असेल, कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल किंवा पूर्वी फिट आली असेल तर आधीच सांगा. उपचारात फिट येणं फार क्वचित घडतं, पण घडतं.

ती उशी मी ताईच्या शब्दाखातर दोन रात्री घेतली होती. मान आखडली. तरी भाऊजी अजून चारचौघांत गुण उशीचाच सांगतात. मी म्हणते, उशीने माझा अंगठा एकदा उडवून दाखवा. तेव्हा मात्र त्यांना नेमका कुणाचा तरी फोन येतो.