पोटातलं पाणी काढताना सुई सरळ की तिरकी?

प्रश्न : माझ्या वडिलांना लिव्हर सिरॉसिस आहे. पोटात पाणी साचतं, त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी टॅपिंग करावं लागतं. मागच्या वेळी सुईच्या जागेतून दोन दिवस पाणी झिरपत होतं. चादरी बदलून बदलून आई थकून गेली. आता नवे डॉक्टर म्हणतात, ‘कातडी ओढून सुई घालू.’ याने खरंच फरक पडतो का?

उत्तर : ताई, पडतो. सुई सरळ आत घातली की कातडी, स्नायू आणि पोटाच्या आतलं अस्तर, तिन्हींची भोकं एका रेषेत येतात. आत दाब असतो, पाण्याला सरळ वाट मिळते. ही रेषा मोडायची, एवढाच सगळा खटाटोप.

तुमच्या डॉक्टरांच्या पद्धतीला ‘झेड ट्रॅक’ म्हणतात. डाव्या हाताने कातडी साधारण दोन सेंटीमीटर खाली ओढून धरायची आणि उजव्या हाताने सुई घालायची. शेवटी सुई काढली की कातडी जागेवर जाते आणि वरचं भोक आतल्या भोकावरून सरकतं. दुसऱ्या पद्धतीत कातडी ओढत नाहीत. सुई ४५ अंशांत तिरकी घालतात, म्हणजे कातडीखालची वाट लांबते.

मी कातडी ओढूनच शिकलो. सैल कातडीच्या पेशंटला आजही तसंच करतो. पण पोट ढोलासारखं ताणलेलं असलं की कातडी चिमटीत येतच नाही, बोटं घसरतात आणि सुईचं टोक आत हलतं. मला ते अजिबात नको असतं. तिथे मी तिरकी सुई घालतो. तेव्हा डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती त्यांना करू द्या.

मी जास्त आग्रह धरीन तो जागेचा. आधी सोनोग्राफीने पाणी कुठे खोल आहे आणि आतडं कुठे आहे ते बघून खूण करायला हवी. बहुधा डावीकडे, कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं आत अशी जागा धरतात. त्याहून फार मध्याकडे सरकलं तर पोटाच्या स्नायूतली धमनी आड येते.

अल्ब्युमिनचंही, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचंही विचारा. पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम शिरेतून देतात. सात लिटर निघालं तर ४२ ते ५६ ग्रॅम झालं. हे चुकलं तर रक्ताभिसरण ढासळून किडनीवर ताण येतो. चादर ओली होण्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

टॅपिंगनंतर वडिलांना तासभर तरी सुईची बाजू वर ठेवून कुशीवर झोपवा. तरीही झिरपलं तर कापसाचे थर चढवत बसू नका. नर्सला सांगून त्या जागी चिकटणारी पिशवी लावून घ्या. कातडी कोरडी राहते आणि किती पाणी गेलं तेही मोजता येतं. थांबतच नसेल तर डॉक्टर एक टाका घालतात. आईची झोप अशी वाचेल.

ताप आला, पोट दुखायला लागलं, लघवी कमी झाली किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. साचलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे थोडं पाणी तपासून लगेच कळतं.