जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं) मशीन पंधरा-वीस मिनिटांनी दम खातं, नेमकं काय बघू?

तुमचं म्हणणं असं की 15 एचपीचं दोन सिलिंडरवालं जुनं टू-स्ट्रोक आहे, धक्क्यावरून मस्त निघतं, पण फुल थ्रॉटलवर पंधरा-वीस मिनिटं झाली की आवाज बसतो, होडी रेंगाळते, बंद करून थोडं थांबलं की परत काही झालंच नाही अशा थाटात चालू. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला, प्लग नवीन टाकले, तरी तेच.

आता तिसऱ्यांदा कार्बोरेटर खोलू नका हो. जेटमधला (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) कचरा शक्यतो घड्याळ बघून त्रास देत नाही. आणि बादलीत मशीन चालवून पण काही कळणार नाही, तिथे लोडच नसतो. पाण्यातच न्यावं लागेल, पण सोबत एक माणूस, नांगर आणि वल्हं घेऊन, आणि ओहोटी लागलेली असताना खाडीच्या तोंडाशी अजिबात नको. मशीन बसायला लागलं की लगेच बंद करू नका, हीच चूक सगळे करतात, कारण तेवढा एक मिनिटच तुम्हाला काहीतरी सांगणारा असतो.

त्या मिनिटात सोबतच्याला पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाबत राहायला सांगा. दाबल्यावर मशीन उचललं तर पेट्रोल पोचत नाहीये, विषय संपला, इलेक्ट्रिककडे बघूच नका. तो फुगा चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा गंजून बुजलाय, नाहीतर टाकीतली जाळी चोक झालीय. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज आला तर स्क्रूच, पक्कं. फुगा दाबून दाबून पण कडक होत नसेल तर कुठेतरी हवा घेतोय, बहुतेक वेळा मशीनकडच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, स्वस्तातली वस्तू आहे, आधी तीच बदला. फुगा कडक आहे, पाइप ठीक आहे, तरी दाबल्याशिवाय चालत नाही, तर फ्युएल पंपाचा पडदा बघा.

माझं वर्सोव्याला हेच झालेलं, फुगा चपटा व्हायचा, झाकण उघडं ठेवलं, जाळी धुतली, काही फरक नाही. पाइप बाहेरून एकदम नवा दिसत होता म्हणून त्याच्याकडे मी बघितलंच नाही, दोन आठवडे गेले त्यात. शेवटी वैतागून ब्लेडने फुग्याजवळ कापला तर आतलं काळं अस्तर कोळंबीच्या सालीसारखं सुटून लोंबत होतं. मशीन जोरात ओढायला लागलं की ते साल आतमध्ये आडवं यायचं, बंद केलं की परत जागेवर, म्हणून थांबल्यावर ठीक वाटायचं. जुन्या रबराला हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल मानवत नाही, आता तर पंपावर 20 टक्केवालं मिळतं, त्यामुळे पाइप घेताना इथेनॉलला चालणारा आहे का ते विचारूनच घ्या. त्यात ते पेट्रोल पाणी पण शोषतं. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते तेव्हा टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये तसंच वापरलं असेल तर ते आधी काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा, खाली वेगळा थर बसला तर सगळं काढून टाका.

आता फुगा दाबून काही फरकच पडला नाही तर स्पार्क. कॉइल किंवा सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गरम झालं की मरतं आणि थंड झालं की जिवंत होतं, लक्षण डिट्टो हेच, फक्त टाकीचं झाकण उघडून लगेच चालू होणार नाही, वीसेक मिनिटं थांबावंच लागेल. टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक स्पार्कला चमकणारा दिवा, कुणाकडून तरी मागून आणा, चालू मशीनवर एकेका प्लगच्या वायरला क्लिप लावा, ज्याचा उजेड मधेच गायब होईल तो सिलिंडर. चालू मशीनच्या प्लगची कॅप हाताने काढायची सवय असेल तर सोडा, शॉक तर बसतोच, वरून सीडीआय उडतं. किल स्विचची (मशीन बंद करायचं बटण) वायर पण कुठे घासून उघडी पडलीय का बघा, फुकटचं काम आहे.

एक विचारायचं राहिलं, बसतं म्हणजे आवाज खाली येतो ना? आवाज वाढून होडी जागच्या जागी राहत असेल तर वरचं सगळं विसरा, प्रॉपेलरच्या आतला रबरी बुश सुटलाय नाहीतर पंख्यात आपली मुंबईची प्लास्टिक पिशवी. पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसली तर मशीन तापून बसतं, तेव्हा मागून मुतल्यासारखी पाण्याची धार येते ती बारीक होते, तसं दिसलं की मात्र ताबडतोब बंद.

पुढच्या खेपेला फुगा चपटा होता, मऊ होता की कडक, तेवढं बघून इथे लिहा, मग पुढचं बोलू.